नावाला क्रीडा, कामाला बहुउद्देशीय

मी एक जुना हॉल आहे, मित्रांनो. नांदेड-लातूरकडच्या एका विद्यापीठात उभा आहे. पाटीवर लिहिलंय, 'बहुउद्देशीय क्रीडा सभागृह'. यातल्या 'बहुउद्देशीय' या शब्दाचा मला पहिल्या दिवसापासून संशय आहे. ज्याला सगळी कामं येतात, त्याला सगळेच राबवतात.

माझी जमीन लाकडाची. कारागिरांनी गुडघ्यांवर बसून तिची पट्टी न् पट्टी जोडली. उद्घाटनाला पाहुणे बूट घालूनच आत आले, तेव्हाच मी काय ते समजलो. सुरुवातीला बॅडमिंटन झालं, कबड्डीच्या मॅट आल्या, पेपरात माझा फोटो छापून आला. मग हळूच रोजगार मेळावा शिरला, युवक महोत्सव शिरला, दीक्षान्त समारंभ शिरला. आता कुणी मोजपट्टी घेऊन आला की मी लगेच ओळखतो. हा गडी खेळायला आलेला नसतो, किती खुर्च्या मावतील ते बघायला आलेला असतो. त्या लोखंडी खुर्च्या ओढून ओढून माझ्या अंगावर चरे पडलेत. सांगणार कुणाला?

सगळ्यात वाईट परीक्षा. तेव्हा माझ्याहून संशयी माणसं आत येतात. बूट काढा, पट्टा काढा, तळहात दाखवा. मीही काही कमी नाही. कुणाची चिठ्ठी बाहीत आहे आणि कुणाची मोज्यात, ते मला वरून दिसतं. भरवसा ठेवावा असं माणूस फार क्वचित आत येतं.

गेल्या उन्हाळ्यात पदवीचा शेवटचा पेपर होता. पहिल्या रांगेत अर्धापूरची लुंबिनी बसली होती. ती विद्यापीठाच्या कबड्डी संघात चढाई करते. तिची आई, पारूबाई, केळीच्या गाड्या भरते. पदवी हातात आली की लुंबिनी फौजदाराच्या परीक्षेला बसणार होती. कॉपीची केस झाली असती तर पदवीही गेली असती आणि संघातली जागाही.

कबड्डीवाल्यांची एक सवय असते. खेळायला उतरताना ते जमिनीला हात लावून तो कपाळाला लावतात. दारात गर्दी होती, म्हणून लुंबिनीनं जागेवर बसल्यावर वाकून जमिनीला हात लावला. नेमके तेव्हाच पर्यवेक्षक दयानंद सर वळले. त्यांना दिसला तो टेबलाखाली गेलेला हात.

"काय लपवलंस खाली?"

"काही न्हाई सर. जमिनीच्या पाया पडले."

"परीक्षेत? मला येडा समजून राहिलीस का?"

टेबलाखालचं वरून दिसत नाही, म्हणून मीही डोळे बारीक केले. ओळखीची पोरगी असली म्हणून काय झालं?

सरांनी तिचा पेपर काढून घेतला आणि दुसऱ्या पर्यवेक्षक वर्षाराणी मॅडमना बोलावलं. मॅडमनी बाह्या तपासल्या, ओढणी झटकून पाहिली. काही निघालं नाही. सरांचं समाधान होईना. "टेबलाखाली सारलं असंल," म्हणत त्यांनी जड लोखंडी टेबल धरलं आणि खस्सकन ओढलं.

पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. तरी ती पुढं झाली आणि टेबलाला हात घालून म्हणाली, "सर, ओढू नका. उचला. लाकडाला चरा पडतोय."

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "सर, हिची पदवी चाललीय आन् ही जमिनीला जपून राहिली. चोरी करणारी पोरगी आधी सोताला वाचवंल."

सरांनी टेबलाचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ते उचललं. खाली लाकडाशिवाय काही नव्हतं. सरांनी पेपर परत दिला आणि गेलेला वेळही वाढवून दिला. 'चुकलो' मात्र म्हणाले नाहीत. तेवढं माणसाला जड जातं. मी पोरीकडंच बघत होतो. इतक्या वर्षांत माझी बाजू घेऊन कुणी बोललं नव्हतं.

पेपर संपला. कबड्डीसाठी हॉल मोकळा करायचा होता, म्हणून पोरांनी टेबलं हलवायला घेतली. एकानंही ओढलं नाही. दोघं-दोघं मिळून उचलून भिंतीकडं नेत होते. मला लगेच संशय आला, सर बघत असतील म्हणून हे चाललंय. मी दाराकडं पाहिलं. सर तर पेपरांचे गठ्ठे घेऊन केव्हाच गेले होते.

मित्रांनो, कुणी बघत नसलं तरी जड वस्तू उचलूनच ठेवत जा. ओढलं की आम्हाला लागतं, आणि आमच्या वतीनं बोलायला दर वेळी लुंबिनी तिथं नसते.