हिरवं इरकल

शकु गेल्याचं मला सकाळी पावणेसातला कळलं. घरी जाऊन अंघोळ करून या, असं हॉस्पिटलातल्या नर्सनंच सांगितलं होतं. मी दूध तापवत होतो. फोन आला. मी गॅस बंद केला आणि "येतो" एवढंच म्हणालो.

तेरावं झाल्यावर शकुची थोरली बहीण विमलाताई निघताना म्हणाली, "भावोजी, तिची लुगडी घरात ठेवू नका. मनोरीच्या खाडीत सोडून या."

"शकुला चाललं नसतं ते," मी म्हणालो.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी शकु त्याच खाडीकाठी मार्वेच्या किनाऱ्यावर कचरा उचलायला जायची. वाळूत रुतलेली लुगडी ओढून काढताना तिचे हात सोलून निघायचे. तिचीच लुगडी तिथं कशी टाकायची?

"मग तुमचं तुम्ही बघा," विमलाताई म्हणाली आणि चपला घातल्या.

चारकोपची आमची खोली लहान, आणि शकु काही टाकून देणारी नव्हती. मुलगी गंधाली मुलुंडला राहते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, सगळं एकदम गोणीत भरून कचऱ्यात देऊ नका. रोज एकच कप्पा आवरा. ज्याला जे लागतं, ते त्याच्याकडं जाऊ दे."

तसं केलं. काचेच्या बरण्या शेजारी लोणची विकणाऱ्या बाईंना दिल्या. बंद पडलेला मिक्सर दुरुस्तीवाल्यानं सुट्या भागांसाठी नेला. नायलॉनच्या साड्या वॉचमनच्या बायकोनं नेसायला घेतल्या. सुती साड्या उरल्या. शकु जुन्या सुती साड्यांच्या पिशव्या शिवायची आणि भाजीवाल्या सुंदराबाईला नेऊन द्यायची. म्हणून मीही तेच करायचं ठरवलं.

मी एकतीस वर्षं गारमेंटमध्ये कटर होतो. कटर कापडाचा रंग बघत नाही, वीण बघतो. सगळ्यात घट्ट वीण हिरव्या इरकलची होती, ओझं पेलणारी. पहिली कात्री त्यालाच लावली. धरायचे बंद काठांचे केले. शकुच्या मशीनवर बारा पिशव्या झाल्या. सुंदराबाईला देऊन आलो. त्या दिवशी मला जेवण गेलं.

मंगळवारी विमलाताईचा फोन आला. "भावोजी, ते हिरवं इरकल काढून ठेवलंय ना? रविवारी सकाळी न्यायला येते. जान्हवीचं डोहाळजेवण आहे, तिला नेसवायचंय."

जान्हवी तिची सून. दोनदा दिवस राहून गेले होते. हे तिसरं.

"तुम्ही तर खाडीत सोडा म्हणालात."

"बाकीची हो. अहेव गेलेल्या बाईचं एक लुगडं घरातल्या पोटुशीला देतात, हे काय सांगायला लागतं? ती पोर घाबरलीय. मावशींचं अंगावर असलं की बरं वाटेल, म्हणते."

मला खरंच माहीत नव्हतं. नवरा मागं ठेवून गेलेल्या बाईचं काय करतात, ते कधी कुणी मला सांगितलं नव्हतं. असलं सगळं शकु बघायची. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला.

तसाच बाजारात गेलो. सुंदराबाई म्हणाली, "धोंडूकाका, पिशव्या काय मी कुलपात ठेवते? मेथी गेली, तिच्याबरोबर पिशवी गेली." मग माझ्याकडं बघून तिनं तराजू खाली ठेवला. "झालं काय?"

मी सांगितलं.

"काकींचं लुगडं होय ते? अहो, कापायच्या आधी एखाद्या बाईमाणसाला विचारायचं तरी."

चार दिवस ती येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हिरवी पिशवी परत आणायला सांगत होती. एक कांद्याच्या सालींसकट आली, एकीवर तेल सांडलेलं. मी शिवणी उसवल्या, तुकडे धुतले, इस्त्री केली आणि जमिनीवर ओळीनं मांडले. कोणता कुठला, ते मला कळतं. काठ परत जागेवर लावले. पण जोड दिसतो. तो कुणालाही लपवता यायचा नाही.

गंधाली म्हणाली, "बाबा, मावशीला आधीच सांगून टाका. ऐनवेळी नको."

"सांगतो."

"कधी?"

मी मशीनच्या सुईत दोरा ओवला.

आज शनिवार. नऊ तुकडे जोडून झालेत. पदराचे दोन आणि मधला एक अजून आलेले नाहीत. विमलाताईला मी काहीही सांगितलेलं नाही.