आटलेलं डुक्कर

सकाळचे आठ वाजून गेले तरी गोकुळाच्या धानाच्या बांधीतलं डुक्कर जिवंतच होतं, आणि इकडे कोसमटोल्यातल्या निम्म्या घरांत मसाला वाटून तयार झाला होता.

उजाडल्यापासून गावानं हाका घातला होता. डबे बडवले, थाळ्या बडवल्या, कुणी तर मार्कंड्याच्या जत्रेतून आणलेली पोराची पिपाणीही फुंकली. नाल्याकाठच्या झुडपांतून दहा डुकरं निघाली. नऊ शहाणी होती, ती जंगलात पळाली. दहावं रामाजीच्या वाघुरीत शिरलं. अंबाडीच्या दोरीचं ते जाळं रामाजीच्या आजानं विणलेलं. रामाजीचं खरं मानायचं तर त्यात एकदा कुण्या साहेबाची जीप अडकली होती आणि साहेबानं स्वतः हात जोडल्यावर ती सोडवून दिली होती.

पिवळ्या पडत चाललेल्या धानात डुक्कर आडवं झालं होतं. चारी पाय दोरीत, तोंडाला फेस. भोवती गाव भांडत होतं.

"मारा आन् दुपारच्या आंधी वाटे करा," खुशाल म्हणाला. त्याच्या हातात कुऱ्हाड नव्हती, पण पिशवी होती.

"वाटे करशीन, मंग केस कोन लढंन? तुहा बुढा?" प्रफुलनं मोबाईल उंच धरला. गावात कायदा त्यालाच समजे, कारण रेंज फक्त त्याच्या मोबाईलला येई. "कागद लागते बे, परवानगीचा."

"मंग काऊन नाई काढला कागद?"

"अर्ज मी लिवला. सही कोन करते? सारे म्हनते, तू कर, तू कर."

"नेऊन सोडून द्या नदीच्या पल्याड," मागून कुणी बोललं.

"मागं सोडलं होतं ना एक! सोडनारे घरी यायच्या आंधी डुक्कर घरी आलतं."

नीलाबाई बांधीच्या कडेला धुऱ्यावर पाय पसरून तंबाखू मळत बसली होती. गोकुळाची ती शेजारीण. गावातल्या सगळ्या म्हातारीपणाचा ठेका तिनं एकटीनं घेतलेला. "मारा, मारा, सारीच मारा," ती म्हणाली. "मंग जंगलातल्या वाघानं का खाव? भात-वरन? थो तुह्याच दारात येईन, खुशाल. इचारंन, का गा, आज का शिजवलं?"

"त्याले म्हनंन, नीलाबाई शिजवली."

"मले नाई खात तो. दात पडंन त्याचे."

लोक खदखदले. धुऱ्यावर उभी असलेली गोकुळा हसली नाही. कुऱ्हाड तिच्या हातात होती.

हाक्याचा रिवाजच तसा. ज्या डुकरानं घरातलं माणूस नेलं, ते सापडलं तर पहिला घाव त्या घराचा. मागल्या वर्षी याच दिवसांत, याच बांधीत, गोकुळाचा नवरा देवानंद धान राखत होता. उजाडताना डुकरानं त्याची मांडी फाडली. गावानं बाज आणली, बाजेवर घालून सडकेपर्यंत नेलं, आणि सडकेवर पोचल्यावर कळलं की आता घाई करायचं कारण नाही.

त्या दिवसापासून गोकुळा रडली नव्हती. बायकांनी तेरा दिवस वाट पाहिली, मग कंटाळून आपापल्या रोजीला लागल्या. गोकुळाही लागली. ती पाणी आणे, धानाचा रोवणा करी, तळ्यावर जाऊन मासे विकत घेई, गावात फिरून विकी. फक्त तिला काही लागत नव्हतं. पेजेचं भांडं हातावर सांडलं, तर फोड आल्यावर समजलं. भाजीत कधी मीठ दोनदा पडे, कधी पडतच नसे. तिच्याकडे जेवलेलं माणूस मुकाट्यानं गिळे आणि म्हणे, "मस्त झालं वो, गोकुळा." अख्खं गाव वर्षभर तिच्याशी असं गोड खोटं बोलत होतं, आणि त्या सगळ्यांचा मुकादम होता रामाजी.

रामाजी त्या सकाळी देवानंदच्या सोबतीला राखणीच्या माच्यावर होता. पाहणारा तोच एकटा. त्यामुळे देवानंद कसा गेला ही गोष्ट त्याच्या मालकीची झाली, आणि रामाजीच्या मालकीची गोष्ट बुटकी राहत नाही. पहिल्या दिवशी ते डुक्कर गोऱ्ह्याएवढं होतं. तेराव्याला हल्याएवढं झालं. शिवरातीच्या जत्रेत रामाजीनं सांगितलं तेव्हा त्याचं शेपूट या धुऱ्यावर आणि थोबाड त्या धुऱ्यावर होतं. सुळे विळ्यासारखे. देवानंदनं कुऱ्हाडीचा असा तडाखा दिला की उजवा सुळा मधून मोडून तळ्यात जाऊन पडला आणि दोन मासे मेले. मग रामाजीनं वरून उडी घेतली, डुकराची शेपटी धरली, देवानंदचं डोकं मांडीवर घेतलं. आणि देवानंद म्हणाला, "रामाजीकाका, माह्या गोकुळाले सांगा, सात जनम हेच घर, हेच दार, आन् हेच माणूस मले भेटो."

ऐकणाऱ्या बाया पदर डोळ्याला लावत. झाडीपट्टीच्या नाटकातही असा मरणाचा प्रवेश कुणी पाहिला नव्हता.

गोकुळा नुसती ऐके. अकरा वर्षांच्या संसारात देवानंद चार शब्दांच्या पुढे कधी गेला नव्हता. "भात वाढ." "तळ्यावर जातो." लग्नाची मागणी घालायला आला तेव्हा म्हणाला होता, "येतेस का मंग तू?" तेवढ्यावरच ती आली. सात जन्मांचं इतकं लांब वाक्य त्या माणसाच्या तोंडातून निघणं म्हणजे म्हशीनं भजन म्हणणं. पण मग तो खरं काय म्हणाला? काही म्हणाला तरी का? वर्षभर गोकुळाच्या पोटात एवढा एकच खडा होता. बाकी सगळं रिकामं.

"चाल, गोकुळा," खुशाल म्हणाला. "घाल घाव. उन्हं चढून राह्यली."

गोकुळा बांधीत उतरली. चिखल पोटऱ्यांपर्यंत आला. डुकरानं एक डोळा फिरवून तिच्याकडे पाहिलं. मोठ्या बकरीएवढं होतं. बकऱ्याएवढं म्हटलं तरी त्याला मान दिल्यासारखं झालं असतं.

"हेच का थे?" तिनं विचारलं.

मग सगळे एकदम बोलले.

"हेच, हेच!"

"याचे तं दोनी सुळे साबूत हायेत," गोकुळा म्हणाली.

खरंच होते. बोटभर लांबीचे, दोन्ही बाजूंना सारखे.

"सुळा परत उगवते," खुशालनं लगेच सांगितलं. "नखासारखा. वर्षभरात येते."

"आन् हल्याएवढं होतं ना थे?"

"आटलं," खुशाल म्हणाला. मसाल्याचा वास नाकात बसला की माणसाची अक्कल अशी धावते. "मानूस मारलं त्याचं पाप लागलं त्याले. झुरून झुरून आटलं."

नीलाबाईनं तंबाखूची पिचकारी टाकली. "मंग तू काऊन नाई आटत रे?"

"रामाजीले इचारा ना!" प्रफुल म्हणाला. "पाह्यलं कोनं? त्यानंच. ओळख पटवा म्हना."

रामाजी वाघुरीच्या दोरीशी बसला होता. साठ वर्षं तो पुढे पुढे बोलत आला. आज पहिल्यांदा कुणी त्याला हाक मारून बोलावलं आणि तो उठेना. त्याची अडचण सरळ होती. हेच ते म्हटलं तर वर्षभराचं हल्याएवढं डुक्कर सगळ्यांसमोर बकरी होत होतं. ते नव्हे म्हटलं तर गावाचं जेवण जात होतं, आणि उपाशी गाव डुकरापेक्षा वाईट.

"आता अंधारात कसं दिसंन गा," तो पुटपुटला. "धुकं होतं. डोळे माहे..."

"शेपटी धरली होती ना तुमी," गोकुळा म्हणाली. आवाजात राग नव्हता. भाव विचारावा तसा तो आवाज होता. "रामाजीकाका, मी घाव घालते म्हनते. मले हात उचलाले काई नाई. पन मले सांगा, हेच का?"

रामाजीनं डुकराकडे पाहिलं. डुकराच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती, फार जुनी. त्या सकाळीही दिसलेली ती खूण त्याच्या गोष्टीत कधी आलीच नव्हती. इतक्या मोठ्या डुकराला इतकीशी खूण शोभली नसती.

"हेच," तो म्हणाला.

"आटलं?"

"नाई." त्यानं टोपी काढली, परत घातली. "येवढंच होतं."

खुशालनं पिशवी उलगडली. गोकुळानं कुऱ्हाड उचलली नाही.

"मंग?" ती म्हणाली.

"मंग का? देवानंद हाकलाले खाली उतरला, धुऱ्यावरून घसरला. डुकरानं एक धडक देली. एकच. आन् पळून गेलं."

"तुमी उडी मारली?"

रामाजी डुकराशी बोलावं तसं खाली पाहून बोलू लागला. "माचा तिथीच होता. शिडी लावलेली होती. डुक्कर गेलं थे मले दिसलं वो. नाल्यात उतरलं थेही दिसलं. पन पाय उचलेना. म्हनलं, परत आलं तं? मी तिथीच बसलो."

"कितीक वेळ?"

"उन्हं आली तवपावतर."

डुकरानं एकदा जोरात श्वास सोडला, दोऱ्या करकरल्या.

"आवाज देला का त्यानं?"

"देला."

"का म्हने?"

वर्षभर ज्या तोंडातून सात जन्म निघाले त्यातून आता एक वाक्य निघेना. शेवटी तो म्हणाला, "'काका, उतर ना गा.' तीनदा म्हनला. मंग नाई म्हनला."

गोकुळानं डावा हात पुढे धरला आणि बोटांवर मोजलं. काका. उतर. ना. गा. चार.

हा देवानंदच. हे कुणाला जुळवून सांगता आलं नसतं.

सगळ्या बायांना वाटलं, आता ही कोसळते. नीलाबाई तर धरायला उठलीही. गोकुळानं कुऱ्हाड धुऱ्यावर ठेवली, लुगड्याला हात पुसले आणि म्हणाली, "सोडा त्याले."

"कोनाले?" खुशाल ओरडला.

"डुकराले."

"येडी झाली का वो? तुह्या मानसाले मारलं त्यानं! वर्षभर तुह्याच धानात लोळलं!"

"लोळलं. भूक लागली म्हून लोळलं." ती म्हणाली. "माह्यासमोर येऊन काई बनवून तं नाई सांगतलं त्यानं."

"अवो, सोडलं तं उद्या परत येईन!"

"येईन. मंग उद्या धराल. तवा मारजा. तुमची बांधी, तुमचा घाव. आज घाव माह्या घरचा हाय." मग ती रामाजीकडे वळली. "रामाजीकाका, तुमी सोडा. तुमची वाघूर, गाठी तुमालेच ठाऊक."

वाघुरीच्या गाठी तोंडाकडून सोडाव्या लागतात, हे गावाला माहीत होतं. म्हणजे डुकराच्या नाकापासून वीतभर अंतरावर. आणि सुटलेलं डुक्कर कुठल्या बाजूला जाईल हे डुकरालाही माहीत नसतं. दोन मिनिटांत बांधी रिकामी झाली. सगळ्यांत उंच मोहाच्या झाडावर खुशाल होता, पिशवी दातांत धरून.

रामाजीचे डोळे आपसूक माच्याकडे गेले. शिडी तिथेच होती.

"वर चढाचं नाई," गोकुळा म्हणाली. "मी बी खालीच हाय."

आणि ती राहिली. चार पावलांवर, चिखलात.

रामाजी गुडघ्यावर बसला. पहिली गाठ त्यानं उलटीच ओढली, ती सुटायच्या आधी घट्ट झाली. दुसरी सुटली. तिसरी सुटताना त्याच्या तोंडातून काहीतरी निघालं, देवाचं नाव असेल किंवा शिवी. चौथ्या गाठीला डुक्कर उसळलं. त्यानं रामाजीला खांद्यानं ढकलून चिखलात पालथं घातलं, त्याच्या पाठीवरून पाय दिला, गोकुळाच्या लुगड्याला घासत गेलं आणि नाल्याकडे दिसेनासं झालं. धानात एक लांब रेघ उरली.

रामाजी उठून बसला. धोतर फाटलं होतं, पाठीवर खुराचे दोन ठसे होते. बाकी काही नव्हतं. हात-पाय चाचपून तो गोकुळाकडे पाहत राहिला.

"गेलं," गोकुळा म्हणाली, आणि आडवं झालेलं धान उभं करायला वाकली.

त्या दिवशी कोसमटोल्यात वाटलेल्या मसाल्यात लोकांनी बटाटे शिजवले. खुशाल चार दिवस गोकुळाशी बोलला नाही. पाचव्या दिवशी डुक्कर परत आलं, फाटक्या कानाचंच, आणि चार हात धान उकरून गेलं. खुशालनं तिथं उभं राहून "सांगतलं होतं का नाई?" असं निदान दहादा म्हटलं. गोकुळा ऐकून घेत होती.

माच्याची शिडी तिनं चुलीत घातली होती. रामाजी आता जमिनीवर बसून तिचं धान राखी, मोहाच्या बुंध्याला टेकून, शेजारी डबा बडवायला. पारावर कुणी त्याला विचारलं, "काका, केवढं होतं गा डुक्कर?" तर तो हात गुडघ्याएवढा खाली धरी. एवढ्याशा डुकराची गोष्ट कोण ऐकतं? लोक उठून जात.

ऐकणारी एकच राहिली होती. दुपारी तो तिच्या ओसरीवर जेवायला येई, आणि ताट वाढता वाढता ती म्हणे, "सांगा." तो सांगे. गोष्ट रोज तेवढीच, एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही.

"मंग?"

"मंग तो म्हने, 'काका, उतर ना गा.'"

"मंग?"

"मंग मी नाई उतरलो."

त्या दिवशीही इतकंच झालं. ती चुलीपाशी परत बसली. त्यानं माशाचा रस्सा भातात कालवला, एक घास घेतला आणि थांबला.

"बरा झाला का?" गोकुळानं विचारलं. वर्षभर सगळ्यांना विचारे तसंच, उत्तराची वाट न पाहता.

रामाजीनं घास गिळला. सवयीनं तोंड उघडलं, परत मिटलं.

"नाई वो," तो म्हणाला. "मीठ दोनदा पडलं."

गोकुळानं पळी हातात घेतली. थोडा रस्सा तळहातावर ओतला, जिभेला लावला, आणि तशीच बसून राहिली.

खारट लागलं.