गुलखैऱ्याचा भाव

मूल्यांकनाचं पाकीट फोडण्याआधीच नेलेकेनं मिळकत मोजून ठेवली होती. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे सायकली आणि वाळत घातलेले कपडे एकदम मावणार नाहीत एवढंसं अंगण, आणि यापुढे त्यावर दुसऱ्या कुणाचा शब्द चालायचा नाही. बावीस वर्षं भाडं भरून जे तिचं झालं नव्हतं ते एका सहीनं होणार होतं. गृहसंस्थेनं टिलबर्ग शहरातली भाड्याच्या घरांची ही अख्खी ओळ विकायला काढली होती. राहत्या भाडेकरूला पहिला मान, पण भाव मूल्यांकनात ठरेल तो. बँक दोन लाख पाच हजार युरोपर्यंत द्यायला तयार होती. घर घेतलं नाही तर संस्था ते कुठल्यातरी गुंतवणूक कंपनीला देणार, आणि मग दर जुलैला भाड्याचा नवा आकडा दारात येऊन पडणार.

तिनं सुरीनं पाकीट फोडलं, पहिलं पान वाचलं आणि सुरी हातात तशीच ठेवून रस्ता ओलांडला. समोरच्या घरात यानुसकाका कॉफी करत होते.

"दोन लाख अठ्ठेचाळीस हजार."

"आधी सुरी खाली ठेव."

यानुसकाकांनी जन्मभर लोकांच्या भिंतींना गिलावा केला होता. स्वतःचं घर त्यांनी फार पूर्वी, स्वस्ताईत, विकत घेतलं होतं. यंदाच्या वसंत ऋतूपासून ते त्यात एकटेच होते. लेनीकाकू शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात होत्या आणि त्यांना आता नवऱ्याचा चेहरा आठवे, नाव आठवत नसे.

"ऐका काय लिहिलंय," नेलेके म्हणाली. "'पानाफुलांनी सजलेली, मागणी असलेली गल्ली.' म्हणून भाव जास्त! फुलं कुणी लावली?"

"तू."

"त्यासाठी फुटपाथच्या फरशा कुणी उपटल्या? नगरपालिकेचा माणूस दंड करायला आला तेव्हा समोर कोण उभं राहिलं?"

"तू. मी तुझ्या मागे होतो, पण ते धरू नकोस."

"बी लेनीकाकूंचं, पाणी माझं, आणि आता माझ्याच फुलांचे पैसे मीच भरू? माझीच गाय, आणि दूध मला विकत?"

काकांनी तिच्यापुढे कप ठेवला, बिस्किटांचा डबा उघडला. रिवाजाप्रमाणे तिनं एक घेतलं. रिवाजाप्रमाणे डब्याचं झाकण लागायला हवं होतं. या गल्लीत कुणी दुसरं बिस्किट पुढे केलं तर समजावं, घरात कुणीतरी गेलंय. पण त्या दिवशी डबा उघडाच राहिला, कारण काका चष्मा लावून तो अहवाल वाचत होते. पहिलं पान त्यांनी झटकन उलटलं. तिसऱ्यावर बराच वेळ अडकले.

"दोन दिवस राहू दे माझ्याकडे?"

"ठेवा. नाहीतर चुलीत घाला."

नेलेकेचा राग बसून राहणारा नव्हता. इस्पितळाच्या धोबीखान्यात तिच्या हाताखाली अकरा माणसं होती, आणि त्यांच्यातला एकही जण तिच्यासमोर "बघू" म्हणत नसे. ऑक्टोबर संपायच्या आत, स्वतःच्या खर्चानं, दुसरं मूल्यांकन करून घ्यायची मुभा होती. फुलांनी भाव चढतो ना? मग फुलं जातील. गल्ली एवढी कळकट करायची की येणाऱ्यानं नाकाला रुमाल लावावा.

तिनं दारोदार फिरून सगळ्यांना कामाला लावलं. कुणी गंजलेल्या सायकली काढल्या, कुणी फुटका कमोड. चौदा नंबरच्या फ्लोरिसनं मात्र तोंड वाकडं केलं. मागच्या वर्षी त्यानं सहाजणांवर चढ बोली लावून दोन लाख साठ हजारांना घर घेतलं होतं.

"अहो, पण आमच्या घराच्या किमतीचं काय? आमची आयुष्याची कमाई आहे यात."

"तुझ्या कमाईला खत माझं आहे," नेलेके म्हणाली. "कपाट काढ बाहेर."

फ्लोरिसनं मोडकं कपाट बाहेर काढलं, पण फळ्या आकारानं लावून ठेवल्या. अडगळसुद्धा त्याला नीटनेटकीच जमत होती.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ती गुलखैरा उपटायला निघाली. पुरुषभर उंच झाडं, काही अजून फुलावर होती. एकेक बुंधा ती असा ओढत होती, जणू संस्थेच्या कारकुनाची मानगूट हातात आलीय. समोरच्या भिंतीशी पोचली तेव्हा यानुसकाका झारी घेऊन आडवे उभे होते.

"ही नाही."

"सगळ्यांनी काढलीत, काका."

"ही लेनीची. आणि उपटून काही व्हायचं नाही, पोरी."

"कागदावर लिहिलंय!"

"कागदावर पुष्कळ लिहितात."

ती हात झटकून परतली. पंधरा दिवसांनी फ्लोरिसकडून कळलं की यानुसकाकांनी घर विकलं. दारावर पाटी नाही, खिडकीत जाहिरात नाही, कुणाला केवढ्याला ते ठाऊक नाही. नेलेकेनं हिशेब तिथल्या तिथे जुळवला. म्हणजे फुलं त्यासाठी हवी होती! गिऱ्हाईक येणार, भिंत सजलेली दिसली पाहिजे. अख्खी गल्ली तिच्यासाठी कचऱ्यात उभी राहिली, आणि ज्या माणसाला तिनं लेनीकाकू शुश्रूषागृहात गेल्यापासून दर गुरुवारी वाटाण्याचं सूप नेऊन दिलं, तो फुलांचा भाव वसूल करून निघाला.

काका निघाले त्या दिवशी ती खिडकीशी उभी राहिली, पाठ फिरवून. या गल्लीत पडदे कुणी लावत नाही. त्यामुळे पाठसुद्धा रस्त्यावरून लख्ख दिसते. काकांनी जाताजाता काचेवर दोन बोटं वाजवली. तिनं कपाटातल्या बशा खालीवर केल्या.

ऑक्टोबरात मूल्यांकन करणाऱ्या बाई आल्या. दारात टाकलेली डागाळलेली गादी त्यांनी सहज ओलांडली, खोल्या मोजल्या, छपराला टॉर्च लावला. नेलेकेला राहवेना.

"गल्लीची दशा बघितलीत ना? ती गादी, तो कमोड?"

"बघितलं." बाई हसल्या. "घर विकत घेणारे लोक मला दरवेळी काहीतरी दाखवतात. तुमच्याइतकं मन लावून कुणी दाखवलं नव्हतं."

"मग भाव उतरेल?"

"गादीनं? नाही हो. गादी उद्या उचलली जाईल. आम्ही बघतो, तसलंच शेजारचं घर नुकतं केवढ्याला गेलं. पहिलं मूल्यांकन करणाऱ्यापुढे चौदा नंबर होतं, म्हणून तेवढा भाव आला. फुलंबिलं वाक्याला शोभा म्हणून लिहितात."

"आणि आता तुमच्यापुढे?"

"समोरचं. सप्टेंबरअखेर नोंद झालीय. एक लाख अठ्ठ्याण्णव हजार."

बाई गेल्याबरोबर नेलेकेनं रस्ता ओलांडला. आता तिचा राग घर घेणाऱ्यावर होता. दार उघडलं ते पंचविशीतल्या मुलीनं. अंगात शुश्रूषागृहाचा निळा डगला, पायात एकच मोजा.

"एक लाख अठ्ठ्याण्णव? एवढ्याला तर इथे गॅरेज मिळत नाही. म्हाताऱ्या माणसाला लुबाडताना लाज नाही वाटली?"

मुलगी दाराला टेकली.

"मला वाटलं, तुम्ही ओळख करून घ्यायला आलात. मी मेरल. लेनीआजींच्या मजल्यावर कामाला आहे." मग ती म्हणाली, "मी सांगितलं होतं त्यांना. बाजारात काढा, दोन लाख चाळीस कुणीही देईल. त्यांनी विचारलं, तुझ्याकडे किती आहेत? मी आकडा सांगितला. म्हणाले, झालं. फक्त सप्टेंबर संपायच्या आत सरकारदरबारी नोंद हवी."

"का?"

"मी पण विचारलं. म्हणाले, घाई आहे."

"लेनीकाकूंजवळ राहायला जायची?"

"कसली! तिथली खोली जानेवारीत रिकामी होणार. तोवर पुतण्याच्या माळ्यावर राहताहेत. उभं राहिलं की डोकं लागतं म्हणतात." मेरलनं भिंतीकडे बोट केलं. तीन झाडांचे वाळके दांडे तसेच उभे होते. "ही काढून टाकू का? वाईट दिसतात."

नेलेकेनं एका दांड्यावरची बोंडी दोन बोटांत धरून दाबली. चपट्या काळ्या बिया तळहातावर पडल्या.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "बी धरलंय."

त्या संध्याकाळी तिनं गादी एकटीनंच ओढत कचऱ्याच्या कोपऱ्यापर्यंत नेली. फ्लोरिस मदतीला आला, तर त्याला हातानं दूर केलं.

दोन लाख तीन हजारांना घर तिचं झालं. हिशेब असा: गृहसंस्थेनं एकही बी न पेरता पैसे घेतले. बँकेला व्याज मिळत राहील. नगरपालिकेनं कमोड उचलायचे पंचवीस युरो लावले, ते गल्लीनं वाटून भरले. फ्लोरिसच्या घराचा भाव उतरला, असं फ्लोरिस म्हणतो, पण तो घर विकत नाहीये. बाकीचे बेचाळीस हजार, आणि माळ्यावरचे तीन महिने वाकून राहणं, हे यानुसकाकांनी भरलं.

सही झाली त्या रविवारी नेलेके पुतण्याच्या घरी गेली. माळ्याच्या शिडीवर चढून तिनं बिस्किटांचा अख्खा डबा काकांच्या मांडीवर ठेवला.

यानुसकाकांनी झाकण काढलं, एक बिस्किट उचललं, झाकण लावलं आणि डबा तिच्याकडे परत सरकवला.