शेकडा किती?

भांड्यांच्या त्या मोठ्या दुकानात दाराजवळच्या बिलाच्या काउंटरवर अकरा वर्षं एकच बाई बसत होती. गिऱ्हाइकापासून मालकापर्यंत सगळे तिला काकू म्हणत. तोंडाने फटकळ, हाताने चपळ आणि माणसांत इतकी रमणारी, की सुट्टीच्या दिवशी तिला घर खायला उठायचं.

नवे मॅनेजर आले आणि त्यांनी भिंतीवर फळा टांगला. महिनाअखेरीस त्यावर दोनच ओळी होत्या. काउंटर एक: तक्रारी एकतीस. काउंटर दोन: तक्रारी बारा. दोन नंबरवर बसायचे भाऊ, मागच्या कोपऱ्यात, कुकरच्या मांडणीपाशी. तिकडे फिरकायचं कोण? दिवसातून दोनदा त्यांना डुलकी लागायची.

"काकू, सोमवारपासून तुम्ही गोदामात," मॅनेजर म्हणाले. "आकडे समोर आहेत, मी तरी काय करू?"

गोदामात खोकी आणि पाली. बोलायला माणूस नाही.

संध्याकाळी त्यांनी सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाईंनी पस्तीस वर्षं अंडी विकून संसार ओढला होता. मटार सोलता सोलता त्या म्हणाल्या, "एकतीस, पण कितीमधल्या?"

"कितीमधल्या म्हणजे?"

"अगं, एक व्यापारी मला दोन हजार अंडी द्यायचा, वीस फुटकी निघायची. दुसरा दोनशे द्यायचा, दहा फुटकी. नुसती फुटकी मोजून मी पहिल्याला सोडलं असतं, तर धंदा कधीच बसला असता. शेकडा किती, ते विचार तुझ्या साहेबाला. म्हणे मॅनेजर!"

काकूंनी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी शनिवारी त्या तासभर आधीच दुकानात पोचल्या. दोन्ही काउंटरची बिलं दर महिन्याला एकपासून सुरू होतात, म्हणजे शेवटच्या बिलाचा नंबर तेवढी गिऱ्हाइकं. काकूंचा नंबर तीन हजार एकशे चार. भाऊंचा चारशे.

सगळे जमल्यावर काकूंनी खडू सरळ मॅनेजरांच्या हातात दिला. "साहेब, भागाकार तुम्हीच करा. माझ्या दर शंभर गिऱ्हाइकांमागे तक्रारी किती?"

मॅनेजरांनी फळ्यावर आकडे मांडले. "एक. पण वर चार गिऱ्हाइकं उरतात."

"ती ठेवा तुम्हाला. आता भाऊंच्या?"

खडू मध्येच थांबला. मॅनेजरांचे कान लाल झाले. "तीन," ते पुटपुटले.

"ऐकू नाही आलं."

"शेकडा तीन!"

दुकान हसलं. भाऊ मात्र चांगलेच जागे झाले.

"मग गोदामात भाऊंना..." मॅनेजरांनी सुरुवात केली.

"कुणालाच नको," काकू म्हणाल्या. "तक्रारवहीत वेळ लिहिलेली असते, ती वाचलीत? माझ्या एकतीसपैकी बावीस तक्रारी संध्याकाळी सहा ते सातमधल्या. तेव्हा रांग रस्त्यापर्यंत जाते आणि मागे भाऊ घोरतात. तो एक तास त्यांना माझ्या शेजारी बसवा."

मॅनेजरांनी फळा पुसला, घसा साफ केला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी झाली, काकू. आजपासून हा फळा तुमच्याकडे."

काकूंनी हसत त्यांच्या हातातला खडू काढून घेतला. तेवढ्यात दार उघडलं आणि पाच-सहा गिऱ्हाइकं आत शिरली. काकू आपल्या खुर्चीत ऐसपैस बसल्या आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "या, पहिलं कोण?"