घडीची लेन्स

"हीपण जड," म्हणत ताईने लेन्स काउंटरवरच्या कापडावर ठेवली आणि मनगट चोळले.

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. "ताई, याहून हलकी म्हणजे नुसतं झाकण द्यावं लागेल."

"झाकणानं फोटो निघत असता तर तुझ्या दारात कशाला आले असते?"

मी स्टुलावर बसून ऐकत होतो. माझे आयुष्य वाचनालयात पुस्तकांवर क्रमांक चिकटवण्यात गेले. लेन्समधले मला ओ की ठो कळत नाही. तरी थोरली बहीण मला प्रत्येक फेरीला बरोबर नेई. ओझे उचलायला, असे ती म्हणे. पण ओझे कधी नसेच.

तिचा कॅमेरा रेंजफाइंडर. त्यात लेन्समधून बघायचे नसते. कोपऱ्यात एक वेगळी खिडकी असते, तिच्यात एकाच चेहऱ्याच्या दोन प्रतिमा दिसतात; त्या एकावर एक आणल्या की फोकस जमला. कॅमेरा अजून ठणठणीत होता, पण त्याची लेन्स मुठीएवढी, वजनाने पुढे झुकणारी. त्याच लेन्सने ताईने स्टुडिओत जन्मभर ओळखपत्रांचे आणि शाळेच्या वर्गांचे फोटो काढले. आता तिचे हात कापत. नवी छोटी लेन्स आमच्या आवाक्यात नव्हती आणि तरुणांना जुन्याचे वेड लागल्यापासून जुन्यांचे भावही चढले होते.

"स्वस्त, छोटी आणि धड," दुरुस्तीवाला मला म्हणाला. "यातल्या कुठल्याही दोन सांगा, काका. लगेच देतो."

"धड नसली तरी चालेल," ताई म्हणाली. "मी तरी कुठं धड आहे?"

तेव्हा त्याने तळातला खण उघडला. आतून निघाली ती बोटभर नळीवर बसवलेली एक लेन्स. नळी आत ढकलली की ती कॅमेऱ्यात मिटून बसे. फोटो काढताना नळी बाहेर ओढून, अडकेपर्यंत फिरवायची. पुढच्या काचेवर ओरखडे होते, म्हणून ती कोणी घेत नव्हते.

ताईने ती दिव्यासमोर धरून आरपार पाहिली. "बुरशी नाही. माझ्या मोतीबिंदूपेक्षा बरीच बरी."

"नळी ओढायला तेवढं विसरू नका. खिडकीत सगळं स्वच्छ दिसतं आणि फोटोत नुसतं धुकं येतं."

"तुझं बारसं व्हायचं होतं तेव्हापासून फोटो काढतेय मी."

एवढी खटपट होती ती रंगवालीसाठी. ताईच्या स्टुडिओत ती बारीक कुंचल्याने लोकांचे चेहरे दुरुस्त करायची. कुणाचे मुरूम, कुणाच्या सुरकुत्या. दोघी एका खोलीत बसून इतक्या भांडल्या की लोक त्यांना सख्ख्या बहिणीच समजत. आता डॉक्टरांनी हात टेकून तिला घरी पाठवले होते. तिला स्वतःचा एक फोटो हवा होता, आणि तो ताईनेच काढायचा होता. सुनेने फोन पुढे केला तर म्हणाली, "फोन न विचारता सुरकुत्या पुसतो. पुसायच्या की नाही ते मी ठरवीन."

आम्ही गेलो तेव्हा ती उशांना टेकून बसली होती. ताई दारातच थबकली. अंथरुणात माणूस किती कमी उरले होते, ते मलाही बघवले नाही. मी पडदा धरायचे निमित्त करून खिडकीशी गेलो.

"ये की. भूत नाही झाले अजून," रंगवाली म्हणाली.

"झालीस तरी उजेडाकडेच तोंड कर," ताई म्हणाली, आणि पिशवीतून कॅमेरा काढून भराभर फोटो काढू लागली. हलक्या लेन्सने हात पुष्कळच स्थिर राहिला. परत येताना ती खुशीत होती.

रोल धुऊन प्रिंट आल्या, त्या दुरुस्तीवाल्याने काउंटरवर पसरल्या. सगळीकडे एक पांढुरका ढग. त्यात कुठे डोके, कुठे उशी, हे सांगणे कठीण.

"लेन्सच खराब असेल," मी म्हणालो.

"लेन्स चांगली आहे. मी नळीच ओढली नाही."

घरी येऊन तिने कॅमेरा माझ्यापुढे ठेवला. "देऊन टाक कुणाला तरी."

तिच्यापुढे माझे आजवर काही चाललेले नाही. तरी म्हणालो, "तिला सांगावं तर लागेल ना?"

"सांगेन. मीच सांगेन."

दुसऱ्या दिवशी निघताना कॅमेरा आणि एक नवा रोल मी माझ्या पिशवीत टाकला. तिला विचारायचे धाडस झाले नाही.

रंगवाली आडवीच होती. सुनेने मान उचलून धरली, तेव्हा तिने एक प्रिंट जवळ घेतली, लांब नेली.

"सुरकुत्या गेल्या," ती म्हणाली. "नाकही गेलं. जन्मभर घासून मला एवढं जमलं नाही गं." हसता हसता तिला खोकला आला. तो थांबल्यावर तिने प्रिंट ताईच्या हातात दिली. "आता माझ्या सुरकुत्या मला परत दे."

"हात तर कापतातच. आता डोकंही चालत नाही माझं."

"मग याचं वापर," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "पुस्तक्या एवढा उभा आहे ना."

मी कॅमेरा पिशवीतून काढला. ताईने माझ्याकडे रोखून पाहिले, पण घेतला. पलंगापाशी बसून तिने रोल भरला, नळी बाहेर ओढली, फिरवली आणि कॅमेरा माझ्यापुढे धरला.

"बघ. अडकली का?"

तिने लावलेला कॅमेरा आजवर कुणी तपासला नव्हता. मी दोन बोटांनी नळी हलकेच आत दाबून पाहिली. ती हलली नाही.

"अडकली."

ताईने डोळा खिडकीला लावला. समोर रंगवाली ताठ झाली, ओठ मिटले. स्टुडिओत गिऱ्हाइकांना दोघी सांगत आल्या, तसा तिने श्वास रोखला.

"तू नको रोखू," ताई म्हणाली. "तू घेत राहा."

आणि तिने स्वतःचा रोखून धरला.