दोन तारखांचं मीठ

हसू नका, पातेलंच बोलतंय. तांब्याचं, आतून कल्हई केलेलं, माणसाच्या कमरेएवढं उंच. माझ्यात एका वेळी तीनशे माणसांचा रस्सा शिजायचा. पूर्वी मी चारशे सांगायचं, पण आता वय झालं, थापा जरा आवरत्या घेतल्यात.

मी जन्मलं ते ठोके खातच. तांबटाने मला अकरा दिवस बडवलं आणि मग माझ्या कड्या पकडून म्हणाला, "जा, लोकांची पोटं भर. तुझं स्वतःचं तर सुटलेलंच आहे." माणसं माझ्या आकारावरून बोलतात ती तेव्हापासून.

तिथून मी समुद्रकाठच्या किल्ल्यात आलं, मामाच्या हाती. मामा हा पायदळाचा आचारी. पलटणीत येण्याआधी तो विहिरी खणायचा. "जमिनीत तोंड घालून कंटाळलो, म्हणून चुलीत घातलं," असं सांगायचा. बायको कधीच गेलेली. एकुलती एक लेक किल्ल्याच्या दवाखान्यात जखमींना पट्ट्या बांधायची. दवाखाना जमिनीकडच्या तटाला अगदी चिकटून होता. हे तेवढं ध्यानात ठेवा.

मग लढाई पेटली. शत्रूने तीन बाजूंनी वेढा घातला. चौथ्या बाजूला समुद्र, आणि तिथे आमचं एकुलतं एक जहाज गोळा खाऊन बुडालं. खलाशी किल्ल्यात आले ते वाळल्या वाटाण्याची पिंपं, एक हातपंप आणि काका घेऊन. काका म्हणजे त्यांचा आचारी. आरमाराचा निरोप तेवढा आधी पोचला होता : "वीस तारखेला येतो. तोवर तग धरा."

तग धरायचा कसा? शिपाई खलाशांना 'ओले' म्हणायचे, खलाशी शिपायांना 'कोरडे'. चूल एक, पातेलं एक, आचारी दोन. मामा सकाळी वाटाणे चढवतानाच मीठ घालणारा. काका दुपारी बाराची तोफ झाली की, रस्सा उतरवताना घालणारा.

"खारं पाणी पिऊन पिऊन जीभ मेलीय तुझी," मामा म्हणायचा.

"आणि तुझी कधी जन्मलीच नाही," काका म्हणायचा.

शेवटी किल्लेदार वैतागला. "विषम तारखेला मीठ मामा घालेल, सम तारखेला काका. दुसऱ्याने हात लावला तर तोफेच्या तोंडी देईन. मिठासकट!"

हुकूम झाला आणि घोळ सुरू झाला. रस्सा एक दिवस खारट जहर, दुसऱ्या दिवशी ठार अळणी. पुन्हा खारट, पुन्हा अळणी. दोघंही लेकरांची शपथ घ्यायचे की हुकूम तंतोतंत पाळतोय. काकाला लेकरं नव्हती, तरी घ्यायचा. माझ्याच पोटात चाललेला हा प्रकार, पण मलासुद्धा उमगेना.

अकरा तारखेला कहर झाला. रस्सा असा खारट की एका शिपायाच्या मिशीवर मिठागर पिकलं. "तूच घातलंस!" "तू घातलंस!" करत ओले आणि कोरडे पळ्या, झारे घेऊन समोरासमोर उभे राहिले. बाहेर शत्रू, आत ही तऱ्हा. नऊ दिवस काढायचे होते आणि नऊ मिनिटं निघत नव्हती.

तेवढ्यात मामाची लेक आली. तिने मला घासून घेतलं, प्यायच्या पाण्याने काठोकाठ भरलं आणि दवाखान्याच्या फरशीवर ठेववलं. "रांगेत या. माणशी एक पेला. जो भांडेल तो तहानलेला राहील. बाबा, तुम्हीसुद्धा!"

पहिला काका वाकला आणि तसाच थबकला.

"पाण्याला लाट आहे."

"तुझ्या डोक्यात आहे लाट," मामा म्हणाला.

"हलू नका कुणी! श्वाससुद्धा घेऊ नका."

सगळे पुतळे झाले. तरी माझ्या पोटातलं पाणी थरथरलं. एक वर्तुळ. थोड्या वेळाने आणखी एक.

"उभा जन्म पाण्यात गेला माझा," काका हळूच म्हणाला. "याला खालून कुणीतरी ठोकतंय."

मामाचा चेहरा उतरला. तो पालथा पडला, फरशीला कान लावला. विहीर खणणाऱ्याचा कान तो. "पहारी आहेत. दोन... नाही, तीन. भुयार खणतायत मेले. तटाखाली सुरुंग भरणार." आणि त्याने वर बघितलं. लेक बरोब्बर त्या जागेवर उभी होती, हातात पेला घेऊन.

त्यानंतर कुणी कुणाला ओलं-कोरडं म्हटलं नाही. चार शिपाई आणि चार खलाशी माझ्या कड्यांना भिडले. मला इथे ठेव, तिथे ठेव. काका पाणी वाचायचा, मामा जमीन ऐकायचा. जिथे वर्तुळं सगळ्यात दाट आली, तिथे मामाने कोळशाने फुली मारली आणि वीस वर्षांनी पहार उचलली. खलाशांनी पंपाची नळी समुद्रात सोडली. दिवस मावळायच्या आत भुयाराला भोक पडलं आणि आख्खा समुद्र आत गेला. आख्खा म्हणजे, बराचसा.

शत्रू भुयारात गेला तो कोरडा, बाहेर आला तो ओला. त्याच्या सुरुंगाच्या दारूचा चिखल झाला. तट जागच्या जागी राहिला, दवाखाना राहिला, मामाची लेक राहिली.

एकोणीस तारीख उजाडली. दाणागोटा संपत आलेला. बाराची तोफ झाली, रस्सा वाढला, पहिला घास घेऊन सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. पुन्हा खारट! इतक्यात बुरुजावरून आरोळी आली, "शिडं! शिडं दिसतायत!"

"एक दिवस आधीच?" किल्लेदार उठून उभा राहिला.

"आधी कसले? वेळेवर," काका म्हणाला. "आज वीस तारीख."

"एकोणीस!" मामा ओरडला.

"सकाळी होती. दुपारी बाराला वीस लागली की."

"अरे शहाण्या, तारीख रात्री बाराला बदलते!"

"तुमच्या जमिनीवर बदलत असेल. जहाजावर सूर्य डोक्यावर आला की बदलते. आमच्या आजोबांपासून."

किल्लेदाराने सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे विषम तारखेला दोघंही घालत होतात. आणि सम तारखेला..."

"कुणीच नाही," लेक म्हणाली आणि मटकन खाली बसून हसायला लागली.

"त्या सूर्याने आपल्याला मामा बनवलं!" काका म्हणाला.

"मी आधीपासूनच आहे. आता तूही झालास," मामा म्हणाला आणि त्याने काकाला मिठी मारली.

तीनशे माणसं हसली. शत्रूने वेढा उठवून पळ काढला तो जहाजं बघून, असं पुस्तकांत लिहितात. मी तिथे होतं. तो हसण्याला भ्याला. उपाशी माणसं एवढं हसतात म्हणजे आत आणखी दहा हजारांची कुमक असणार, असं वाटलं त्याला.

आता मी संग्रहालयात आहे, काचेशेजारी, दोरीच्या आत. माझ्यासमोर पाटी आहे : 'राजघराण्यातील स्नानपात्र.' अहो, स्नान? माझ्यात? कुणीतरी तेवढी पाटी बदला. मोठं काही लिहू नका. 'यात ओले आणि कोरडे एकत्र शिजले आणि किल्ला राहिला,' एवढं पुरे.

आणि पहारेकऱ्याचं लक्ष नसेल तेव्हा तळाशी बोट फिरवून जिभेला लावा. अजून खारट लागेल. दोघांचंही आहे ते.