लाख दाण्यांची पायली

मित्रांनो, चुलीमागची ही गंजकी पायली बोलू लागली म्हणून दचकू नका. मी धान्य मोजण्याचं एक जुनं माप आहे. सौंसरच्या लोहाराने मला घडवलं आणि रामाकोना गावात या घरच्या चंद्रकलाच्या सासूने मला विकत घेतलं. तेव्हा शेतावरची मजुरी ज्वारीत मिळे. मी शिगोशीग भरले की मजूर बायांचे चेहरे खुलत. "माप खरं हाय," ही शाबासकी मी खूप ऐकली. मग किलोचे काटे आले, मजुरी पैशांत मिळू लागली आणि माझ्यात भांडी घासायची राख आली.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात वस्तीची विहीर आटली. चंद्रकलाचा नवरा हिरामण आणि इतर पुरुष श्रमदानाने ती खोल करत होते. अशात पंचायतीसमोर सभा झाली. तहसिलीतून आलेल्या साहेबांनी सांगितलं, या भागातल्या पाण्यासाठी दहा लाख रुपये मंजूर! टाळ्याच टाळ्या. घरी येऊन हिरामणने सब्बल, म्हणजे खणायची पहार, कोपऱ्यात टाकली.

"आता कायले मरा लागते? दहा लाख येऊन राहिले."

चंद्रकलाला मात्र चैन पडेना. घागर उतरवताना, भाकर थापताना तिचं एकच, "दहा लाख म्हंजे किती?" कोणी म्हणे पुष्कळ, कोणी नुसता आभाळाकडे हात करी. शेवटी तिने शाळेच्या वामन गुरुजींना गाठलं.

"लिहिता येतात मले," गुरुजी म्हणाले. "पण पाह्यले मीही नाही, बाई."

"ज्वारीनं दिसन का?"

गुरुजींना ते पटलं. राख झटकून मला धुतलं, उन्हात ठेवलं. बायांनी वाटीभर दाणे मोजले, मग वाट्या-वाट्यांनी मला भरलं. गुरुजींनी गुणाकार केला. माझ्यात लाखभर दाणे मावत होते! मित्रांनो, आयुष्यभर मी लाख वाहिले आणि मला पत्ता नव्हता.

घराघरांतून ज्वारी आली. दहा पायल्या सतरंजीवर ओतल्या. हिरामण हरखला. "बाप्पा, केवढा ढीग!"

"गुरुजी, या भागात माणसं किती?" चंद्रकलाने विचारलं.

"असतील लाखभर."

"मंग एकाले किती?"

गुरुजींनी दहा दाणे उचलून हिरामणच्या तळहातावर ठेवले. "माणशी दहा रुपये."

हिरामण हाताकडे बघत राहिला. मग चिडला. "लोकायच्या खुशीत तू काऊन माती कालवून राहिली?"

"माती नाही जी. वस्तीत आपण शंभर-सव्वाशे माणसं. साऱ्यायचे मिळून हजार-सव्वाहजार. होईन त्यात विहीर?"

साहेब खोटं बोलले नव्हते, ढीगही खराच होता. तरी त्यात विहीर मावत नव्हती.

सकाळी विहिरीतून सब्बलीचा आवाज आला. पहिला हिरामणच उतरला होता. पुढे खडक फुटला, कमरेइतकं पाणी लागलं. चंद्रकला आणि गुरुजी तहसिलीत खेटे घालत राहिले, तेव्हा मंजूर रकमेतून कठड्यापुरतं सिमेंट मिळालं.

आता मी पुन्हा चुलीमागे आहे. परवा शेजारच्या रेडिओवर 'हजार कोटी' ऐकलं आणि हिशोब केला. माझ्यासारख्या लाखभर पायल्या लागतील! तेव्हापासून मला स्वस्थता नाही. मित्रांनो, मला घासूनपुसून मिरवू नका. फक्त एवढं करा. असा आकडा ऐकला, की टाळीसाठी उचललेले हात जरा थांबवा आणि विचारा, माणसं किती?